तासिकेवरची नोकरी, पुढच्या वर्षाची खात्री नाही, विश्वास धरून उभं कसं राहायचं?

पानझराकाठ

सगळ्यांना सलाम. बरेच महिने इथे फोरमवर वाचतोय, लिहितोय पहिल्यांदा, जरा लांब होईल.

मी धुळे जिल्ह्यातला, वय ३१, एमएस्सी केमिस्ट्री, सेट (प्राध्यापकीची राज्य पात्रता परीक्षा) पास. एका कॉलेजात सीएचबीवर शिकवतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, सीएचबी म्हणजे तासिका तत्त्व, महिन्याचा पगार नसतो, जेवढे तास घेतले तेवढ्याचे पैसे, तेही कित्येक महिने उशिरा जमा होतात, ऑर्डर एका वर्षापुरती, उन्हाळ्यात हातात काही नाही आणि नवीन वर्ष सुरू झालं की परत इंटरव्ह्यू, त्याच कॉलेजात, त्याच लोकांसमोर. दरवर्षी ऐकतो की पुढच्या वर्षी भरती निघेल, जागा भरतील, थोडं थांबा. यंदा वर्कलोड कमी झाला म्हणून माझे तास निम्म्यावर आणलेत.

घरी आईबाबा, बाबा रिटायर्ड, बहिणीचं लग्न झालंय. आमचं घर तीन पिढ्यांपासून ख्रिस्ती, आजोबा मिशनच्या शाळेत मास्तर होते. लहानपणापासून संडे स्कूल, तरुण संघ, नाताळची गाणी, सगळं केलंय. लग्नाचं बोलणं चालू होतं, मुलीकडच्यांनी स्पष्ट म्हटलं नाही पण "पर्मनंट झाल्यावर बघू" असं आलं, ते आम्ही समजलो.

आता समोर दोन गोष्टी आल्यात. ओळखीतल्या एकाने गुजरातमधल्या अंकलेश्वरच्या केमिकल कंपनीत क्यूसी (मालाची गुणवत्ता तपासणाऱ्या) लॅबमध्ये जागा आहे म्हणून बोलावलंय, शिफ्ट ड्युटी, पगार सीएचबीपेक्षा बरा, पण शिकवणं सुटणार आणि आईबाबांना इथे एकटं ठेवायचं. दुसरं म्हणजे एका संस्थेच्या शाळेत जागा आहे असं कळलंय, डोनेशन मागताहेत, आकडा इथे लिहीत नाही पण शेत विकल्याशिवाय होणार नाही. काका म्हणतात सगळेच देतात, एकदा लागलास की आयुष्याची चिंता गेली, देवानेच दार उघडलंय असं समज.

माझा खरा प्रश्न नोकरी कोणती घेऊ हा नाहीये. मी प्रार्थना करतो, रोज करतो, पण रात्री दोनला डोळे उघडे असतात. रविवारी चर्चला जायला नको वाटायला लागलंय कारण उपासना सुटली की दारातच तीन जण विचारतात, काय बेटा, झालं का काही? एका मोठ्या माणसाने सांगितलं की तुझा विश्वास कमी पडतोय म्हणून दार उघडत नाही, तेव्हापासून तर प्रार्थनेला बसलो तरी मी परीक्षेलाच बसलोय असं वाटतं. यिर्मया २९:११, तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत असं देव म्हणतो ते बायबलचं वचन, इतक्या जणांनी व्हॉट्सॲपवर पाठवलंय, फुलांच्या फोटोवर लिहिलेलं, की आता ते वचन दिसलं तरी मी फोन खाली ठेवतो, आणि तसं वाटतं याचंही वाईट वाटतं.

तर ज्यांनी असा काळ काढलाय त्यांना विचारतो, विश्वासाने तुम्हाला नेमकं काय दिलं? "मग मला नोकरी लागली, प्रभूची स्तुती असो" ही साक्ष खूप ऐकलीय, खरी असते, आनंद आहे. मला ती नोकरी लागायच्या आधीचे महिने कसे काढले ते ऐकायचंय.

---

नवापूरची सिस्टर

दादा, सलाम. तुमचं वाचून लगेच लिहायला बसले, नाइट ड्युटी संपलीय त्यामुळे काही इकडेतिकडे झालं तर चालवून घ्या.

मी नवापूर तालुक्यातली, मावची आदिवासी घरातली. तुम्हाला आठवत असेल, २००६ च्या फेब्रुवारीत आमच्याकडे बर्ड फ्लू आला, देशात पहिल्यांदा सापडला तो इथेच. पोल्ट्री म्हणजे नवापूरची भाकर, शेडवर काम करणारे, खाद्य भरणारे, अंडी पॅक करणारे, गाडीवाले. लाखो कोंबड्या मारून पुरल्या, पांढरे कपडे घातलेले लोक गावात, टीव्हीवाले, आणि काही दिवसांत सगळी शेडं रिकामी. माझे पप्पा एका शेडवर सुपरवायझर होते. कोणाची चूक नाही, कोणी कामचुकार नाही, आणि काम गेलं. २०२१ ला परत आला तेव्हा आम्ही मोठे झालो होतो पण पप्पांचा चेहरा परत तसाच झाला होता.

तुम्ही विचारलंय ना मधले महिने, तर ते सांगते. आमच्या चर्चच्या पाळक साहेबांनी त्या काळात देवाने हे का केलं यावर एकदाही उपदेश दिला नाही. महिला मंडळाच्या बायका घरोघरी जाऊन तांदूळ, नागली, डाळ जमा करायच्या आणि ज्यांचं काम गेलं त्यांच्याकडे पोचवायच्या, आणि पोचवताना आत येऊन बसायच्या, चहा प्यायच्या, म्हणजे देऊन निघून गेल्यासारखं व्हायचं नाही. आमच्याकडे संध्याकाळची कुटुंब प्रार्थना होती ती पप्पांनी सोडली नाही. बऱ्याच संध्याकाळी ते स्वतः काहीच बोलायचे नाहीत. फक्त स्तोत्रसंहिता उघडायची, काल जिथे थांबलो तिथून पुढचं स्तोत्र मम्मी वाचायची, मग प्रभूची प्रार्थना सगळ्यांनी मिळून, झालं. मन लागलंय का हे कोणी विचारायचं नाही. पप्पांना त्या दिवसांत स्वतःचे शब्दच नव्हते, आणि ती प्रार्थना शब्द तयारच देत होती. "आमची रोजची भाकर आज आम्हांस दे", त्यात वर्षाची भाकर मागितलेलीच नाही, आजची मागितलीय. हे मला नर्स झाल्यावर कळलं, तेव्हा आम्ही फक्त म्हणायचो.

अजून एक सांगते. आमच्या चर्चच्या मंडळीतली कितीतरी घरं दिवाळी झाली की ऊसतोडीला जातात, बारडोलीकडे, कोणी पार खाली पश्चिम महाराष्ट्रात, मुकादमाची उचल घेतलेली असते, होळीपर्यंत बाकं अर्धी रिकामी. त्या लोकांना पर्मनंट हा शब्दच माहीत नाही. तरी ते फडात रात्री शेकोटीजवळ बसून मावचीत गाणी म्हणतात आणि परत आल्यावर उपकारस्तुतीचं दान आणतात. त्यांना काळजी नसते असं नाही, काळजी असतेच. पण आपण देवाचे आहोत की नाही हे ते हजेरीच्या वहीवरून ठरवत नाहीत.

आता विश्वास कमी पडतो म्हणणाऱ्यांबद्दल. बायबलात १ राजे १९ वाचा. एलीया कर्मेल डोंगरावर आकाशातून अग्नी उतरलेला बघून आलेला माणूस, आणि त्यानंतर लगेच रानात एका झुडपाखाली बसून म्हणतो, पुरे झालं, माझा जीव घे. देवाने त्याला तुझा विश्वास कुठे गेला असं विचारलं नाही. झोपू दिलं. देवदूताने उठवून निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी दिलं, तो परत झोपला, परत उठवून परत खायला दिलं, आणि मग पुढचा प्रवास. आधी जेवण आणि झोप, बोलणं नंतर.

म्हणून नर्स म्हणून पण सांगते. दोन आठवड्यांपेक्षा जास्त झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, कशातच मन लागत नसेल तर डॉक्टरकडे जा, सिव्हिलला जा, नाहीतर टेली मानसचा १४४१६ नंबर आहे, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. औषध घेतलं म्हणजे विश्वास कमी असं कोणी म्हणालं तर त्यांना बीपीची गोळी सोडून दाखवा म्हणावं. मी वॉर्डात रोज पेशंटसाठी प्रार्थना करते आणि रोज वेळेवर इंजेक्शनही देते.

चर्च सोडू नका दादा. दारातल्या प्रश्नांचा त्रास होतो तर पाळकांना आधीच सांगून ठेवा, किंवा शेवटचं गीत चालू असताना निघा, पण जा.

---

उधना खान्देशी

भो मी पण सीएचबीवालाच होतो, फिजिक्स, शहाद्याकडे. आता काही वर्षं झाली सुरतच्या उधन्याला राहतो, अंकलेश्वरला जातो कामाला, पहाटे ट्रेन पकडायची. आपली माणसं इथे इतकी आहेत की भाजीवाल्यापासून रिक्षावाल्यापर्यंत अहिराणी ऐकू येते, परकं वाटत नाही.

खरं सांगतो पहिलं वर्ष जड गेलं. वर्गात सर म्हणणारी पोरं होती आणि इथे गेटवर पंचिंग, हेल्मेट, बारा तासाचं ओव्हरटाइम, कोणी नाव पण विचारत नाही. मला वाटायचं देवाने मला शिकवायला बोलावलं होतं आणि मी बोलावणं सोडून पगाराच्या मागे आलो. तेव्हा इथल्या मराठी मंडळीत एका काकांनी प्रेषितांची कृत्यं १८ दाखवलं. पौल करिंथला गेला तर तंबू बनवायचं काम करत होता, अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला यांच्या घरी राहून, आणि ते दोघं तिथे का होते, तर क्लौद्य बादशहाने यहुद्यांना रोममधून जायचा हुकूम काढला म्हणून. म्हणजे ते पण घरदार सोडून पोटासाठी दुसऱ्या गावी आलेले. तिघं एका धंद्याचे म्हणून एकत्र राहिले आणि त्या घरातून मंडळी उभी राहिली. पौलाने तंबू शिवले म्हणून तो कमी प्रेषित झाला नाही. हे वाचल्यावर माझ्या डोक्यातलं ओझं बरंच उतरलं.

आता मी रविवारी सुट्टी असली की मजुरांच्या पोरांना गणित सायन्स शिकवतो चर्चच्या हॉलमध्ये. शिकवणं सुटलं नाही, पगार फक्त दुसरीकडून येतो.

पण केमिकल लाइन आहे, आधीच विचारून घे, कंपनीच्या रोलवर आहे का कॉन्ट्रॅक्टरच्या, पीएफ कापतात का, रविवारची शिफ्ट किती वेळा येते, सेफ्टी ट्रेनिंग देतात का. क्यूसी लॅब प्लांटपेक्षा बरी. शिफ्टमुळे उपासना चुकते कधी कधी, त्याची तयारी ठेव, आम्ही काही जण बुधवारी संध्याकाळी एकाच्या खोलीवर जमतो.

आणि डोनेशनला एक रुपया देऊ नको. शेत विकून तर अजिबात नाही.

---

अमळनेरचे मास्तर

चि. पानझराकाठ, सप्रेम सलाम.

मी निवृत्त शिक्षक, मंडळीत कधीमधी उपदेशही करतो. तुम्ही यिर्मया २९:११ बद्दल लिहिलंत ते वाचून मला बरं वाटलं, कारण ते वचन ज्यांना पहिल्यांदा मिळालं त्यांनाही ते ऐकून आनंद झाला नसणार.

तो एका पत्राचा भाग आहे. यरुशलेमेतून बाबेलला धरून नेलेल्या लोकांना यिर्मयाने पाठवलेलं पत्र. त्याच्या आधीचा अध्याय, २८ वा, जरूर वाचा. तिथे हनन्या नावाचा संदेष्टा देवळात सर्वांसमोर सांगतो की दोन वर्षांत सगळे परत येतील, लुटलेली पात्रंसुद्धा परत येतील. किती गोड बातमी. यिर्मयाही म्हणतो, आमेन, परमेश्वर तसं करो. पण देवाने त्याला सांगितलं की हनन्याला मी पाठवलेलं नाही, हा लोकांना खोट्यावर भरवसा ठेवायला लावतोय. आणि मग २९ मध्ये पत्र येतं, दोन नव्हे, ७० वर्षं. ज्यांना ते पत्र मिळालं त्यांच्यातल्या वयाने मोठ्या माणसांना कळलं असेल की आपण काही परत जात नाही. ११ वं वचन त्याच ७० वर्षांच्या लगेच पुढे आहे.

तुमच्या कॉलेजातलं "पुढच्या वर्षी जागा भरतील, थोडं थांबा" हे दोन वर्षांचं आश्वासन आहे. ते खरं ठरलं तर मलाही आनंद होईल. पण त्यावर आयुष्य टांगून ठेवू नका. देवाने बंदिवानांना थांबा असं सांगितलंच नाही. ५ व्या वचनापासून बघा, घरं बांधा आणि त्यात राहा, बागा लावा आणि त्यांचं फळ खा, लग्नं करा, मुलांची लग्नं करा, आणि ज्या शहरात तुम्हाला नेलंय त्या शहराचं भलं व्हावं म्हणून प्रार्थना करा. आहात तिथे, अशाच अवस्थेत, जगणं सुरू करा. आपली तरुण मुलं पर्मनंट होईपर्यंत सगळं बाजूला ठेवतात, लग्न, मित्र, मंडळीतलं काम, हसणंसुद्धा. तासिकेवर असतानाही तुम्ही पूर्ण माणूस आहात आणि पूर्ण शिक्षक आहात. लग्नाचंही तेच. जे घर कागद बघून मुलगी देणार असेल त्यांचं त्यांच्यापाशी, पण तुम्ही स्वतःहून पर्मनंटची अट मनात घालून घेऊ नका.

दुसरा उतारा मत्तय २०. द्राक्षमळ्याचा मालक पहाटे मजूर ठरवायला जातो, परत साधारण नऊला, बाराला, तीनला, आणि शेवटी पाच वाजता, दिवस मावळायला तासभर उरलेला. तेव्हाही काही जण उभेच असतात. तो विचारतो, दिवसभर रिकामे का उभे राहिलात? ते म्हणतात, आम्हाला कोणी कामावर घेतलंच नाही. आपल्याकडेही गावोगाव सकाळी चौकात डबा घेऊन उभी असलेली माणसं आपण बघतो, दहा वाजेपर्यंत कोणी नेलं नाही की त्यांच्या चेहऱ्यावर काय येतं तेही बघतो. मी हा उतारा आयुष्यभर कृपेवर शिकवला, आणि तो कृपेवरच आहे, पण त्या एका उत्तराकडे नीट पाहा. प्रभूने ते उत्तर त्यांच्या तोंडी घातलंय आणि मालक त्यावर वाद घालत नाही. तुम्ही आळशी असाल, तुमच्यातच काही खोट असेल, असं म्हणत नाही. खरोखर कोणी घेतलं नव्हतं. मग त्यांना मळ्यात पाठवतो आणि संध्याकाळी पूर्ण दिनार देतो, म्हणजे पूर्ण दिवसाची मजुरी, कारण तासभर काम केलं म्हणून घरच्यांची भूक तासाभराची होत नाही. तुमच्या हिशोबात तास मोजले जातात. देवाच्या हिशोबात घरातली पोटं मोजली जातात. ज्या माणसाने तुम्हाला विश्वास कमी म्हटलं त्याला ही गोष्ट माहीत असणारच, फक्त त्या दिवशी आठवली नसेल. त्याच्याबद्दल मनात कडू ठेवू नका.

आपल्या कवी नारायण वामन टिळकांचं आयुष्य बघा. ब्राह्मण घरातले, १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, घर तुटलं, पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षं वेगळ्या राहिल्या, मग त्याही आल्या. पुढे अहमदनगरला शिकवणं, लिहिणं, उपदेश, सगळं मिशनच्या पगारावर. आणि १९१७ मध्ये, वयाच्या पन्नाशीच्या पुढे, तो पगारही सोडून दिला, देवाचा दरबार ही ख्रिस्तभक्तांची बंधुता उभी करायला. १९१९ मध्ये गेले. मी तुम्हाला पगार सोडा म्हणत नाही, मुळीच नाही, आईवडील आहेत. एवढंच म्हणतो की ज्यांच्या कविता आपण दर रविवारी गातो त्यांच्याकडे शेवटी स्थिर पगार नावाची गोष्ट उरली नव्हती, आणि तरी ती गाणी आपल्याला स्थिर करतात.

काकांबद्दल दोन शब्द. देवाने दार उघडलं असं म्हणताना ते प्रेमाने म्हणताहेत, त्यांना उलट बोलू नका. पण ज्या दाराला उघडण्याआधी पैसे द्यावे लागतात त्यावर देवाचं नाव लिहू नये. ज्या मुलांना तुम्ही प्रामाणिकपणा शिकवणार त्यांच्यासमोर उभं राहताना ते शेत रोज आठवेल.

---

रावेरकर

मी ख्रिस्ती नाही, वारकरी घरातला, मित्राने लिंक पाठवली म्हणून वाचलं. देवाधर्माचं तुम्ही लोक बोललात ते छान आहे, मास्तरांचं तर दोनदा वाचलं. मी फक्त डोनेशनचं सांगतो कारण आमच्या घरात झालंय.

माझ्या चुलतभावासाठी केळीची बाग विकली. संस्थेने ऑर्डर दिली, शाळेत रुजू झाला, पोरांना शिकवायला लागला. मग कळलं की शिक्षण खात्याची वैयक्तिक मान्यता बाकी आहे. ती आली तर शालार्थ आयडी, म्हणजे सरकारी पगाराच्या प्रणालीतला नंबर, तो बाकी. शालार्थ नाही तर सरकारी पगार नाही, आणि संस्था म्हणते आम्ही प्रस्ताव पाठवलाय, शिक्षणाधिकारी ऑफिसला चकरा मारा. अजून मारतोय. पैसे परत मागायची सोय नाही कारण पावतीच नाही. आता ना बाग ना पगार. त्यामुळे आयुष्याची चिंता गेली वगैरे ते विसरा, खरी चिंता तिथूनच सुरू होते. भरती सरकारच्या पवित्र पोर्टलवरून होते, तिथे टेट (शिक्षक अभियोग्यता चाचणी) देऊन रँकने लागा, लागलात तर कोणाचे मिंधे राहणार नाही. तुमच्या काकांना हे वाचून दाखवा.

---

गिरणेची लेक

मास्तर काकांचा मान राखून एक वेगळं म्हणते. लग्नाबद्दल. माझे मिस्टर कॉन्ट्रॅक्टवर आहेत, चाळीसगावला, लग्नाच्या आधीपासून. लग्न थांबवू नका हे बरोबर, पण मुलीला आणि तिच्या घरच्यांना सगळं उघड सांगा, पैसे किती येतात, कधी येतात, उन्हाळ्यात काय करता. मला ह्यांनी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं, म्हणून मी हो म्हटलं. विश्वास आहे देव बघेल एवढंच सांगून मुलीला अंधारात ठेवलेली घरं मी बघितलीत, तिथे मग पहिल्या उन्हाळ्यात तिचाच विश्वास हलतो.

आणि अजून एक, ह्यावर कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. आजकाल यूट्यूबवर आणि मोठ्या सभांत सांगतात की नोकरीसाठी अमुक रकमेचं बीज पेरा, देव शंभरपट देईल. माझ्या नात्यातल्या एका मुलाने मोबाइल विकून असे पैसे पाठवले. कृपा करून तसं करू नका. शिमोन नावाच्या जादूगाराने देवाचं दान विकत घ्यायला पैसे पुढे केले तेव्हा पेत्राने त्याला काय सुनावलं ते प्रेषितांची कृत्यं ८ मध्ये आहे. दान द्यायचं ते आनंदाने, आपल्या मंडळीत, किंवा सिस्टर म्हणाल्या तसं तांदूळ डाळ कोणाला तरी. देवाला डोनेशन देऊन जागा घ्यायची नसते, काकांच्या संस्थेतली असो नाहीतर स्वर्गातली.

आमच्याकडे रोजचं काय असतं तर ह्यांचं कॉन्ट्रॅक्ट संपायच्या महिन्यात मी हबक्कूक ३ चा शेवट वाचते. अंजीर फुललं नाही, द्राक्षाला फळ नाही, शेतात धान्य नाही, गोठ्यात गुरं नाहीत, तरी मी परमेश्वराच्या ठायी हर्ष करीन. पूर्ण यादी केलीय बघा त्याने, एक पण गोष्ट सोडली नाही. आपल्या घरात काय काय नाही ते मी पण तसंच मोठ्याने म्हणते, देवासमोर, गॅसची तारीख, मुलाची फी, सगळं. मग "तरी" म्हणते. कधी कधी "तरी" म्हणायला दोन दिवस लागतात. लागू देत.

---

पानझराकाठ

सगळ्यांचं वाचलं, आईला पण वाचून दाखवलं, सिस्टरचं ऐकताना ती रडली.

एलीयाला देवदूताने दोनदा खाऊ घातलं हे मी संडे स्कूलला शिकवलंय आणि तरी ते स्वतःसाठी कधी वाचलं नव्हतं. झोपेसाठी डॉक्टरांकडे जाऊन आलो. त्यांनी गोळी दिलीय आणि रात्री फोन बाहेर ठेवायला सांगितलंय, आता बरं आहे, पूर्ण नाही पण बरं.

रविवारी गेलो. पाळकांना आधी फोन केला होता, ते स्वतः दारात माझ्याजवळ उभे राहिले आणि कोणी विचारलं तर तेच म्हणायचे, आम्ही प्रार्थना करतोय. त्यांनी मला तरुण संघात मत्तय २० घ्यायला सांगितलंय, तिथे माझ्यासारखे बरेच आहेत, पोलीस भरतीवाले, एमपीएससीवाले, आयटीआय करून बसलेले. पाच वाजता उभ्या असलेल्या माणसांचं ते वाक्य मी त्यांना वाचून दाखवणार आहे. मास्तर, काही चुकलं तर सांगा, तुमचंच घेतोय.

डोनेशनला नाही सांगितलं. काका दोन दिवस बोलले नाहीत. रावेरकर दादांचं दाखवल्यावर म्हणाले बरं झालं, पण अजून मनातून तयार नाहीत.

भीती गेली का तर नाही गेली. पण आधी प्रार्थनेला बसलो की मी दार उघड दार उघड एवढंच म्हणायचो, आणि दार उघडलं नाही की उठायचो. आता आई स्तोत्र वाचते, नंबर लावून, आम्ही दोघं प्रभूची प्रार्थना म्हणतो, बाबा पण येऊन बसतात. दाराचं काही झालं नाही तरी तेवढ्या वेळात मी एकटा नसतो, आणि तिथून उठलो की फॉर्म भरायचं, फोन करायचं काम हातून होतं, आधी तेही होत नव्हतं.

उधना भाऊ, अंकलेश्वरचा इंटरव्ह्यू पुढच्या आठवड्यात आहे. काय काय न्यायचं? आणि इंटरव्ह्यू झाल्यावर बुधवार असला तर तुमच्या खोलीवरच्या प्रार्थनेला आलो तर चालेल का?

---

अमळनेरचे मास्तर

चुकणार काही नाही. फक्त मुलांना शेवटी बोलू द्या, आपणच सगळा वेळ घेऊ नका. त्यातला एखादा कितीतरी महिने कोणाशी बोललेला नसेल.

---

उधना खान्देशी

ये ना भो, विचारतो काय. मार्कशीट ओरिजिनल, सेटचं सर्टिफिकेट, आधार, पॅन, आणि कॉलेजकडून अनुभव प्रमाणपत्र आत्ताच मागून ठेव, नंतर देत नाहीत लवकर, त्यावर टायट्रेशन आणि इन्स्ट्रुमेंट कोणती हाताळली ते लिहून घे, एचपीएलसी मशीन बघितलं असेल तर ते नक्की. यूव्ही, पीएच मीटर, कॅलिब्रेशन यावर विचारतात. आदल्या रात्री माझ्याकडे मुक्कामाला ये, भुसावळहून येणाऱ्या गाडीने दोंडाईचा नाहीतर नंदुरबारला चढ, उधन्याला उतर, मी स्टेशनवर येतो.